विंडोजशेजारी लिनक्स: पार्टिशनच्या पडद्यावरचा घोळ कसा सोडवला

बहिणीच्या लॅपटॉपवर विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं होतं. इन्स्टॉलर पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडायच्या, पडद्यावर आला आणि समोर लिनक्सनं त्या भागांना दिलेल्या नावांची नुसती यादी: एनव्हीएमई०एन१पी१, पी२, पी३... तिचे फोटो यातल्या कशात आहेत, हे कुठेच लिहिलेलं नाही. नवख्या माणसाचा सगळा डेटा पणाला लागतो तो याच पडद्यावर, आणि नेमकी इथेच माहिती सगळ्यात कमी, याचा मला खरंच राग येतो.

आकड्यांचाही घोळ. विंडोजमध्ये मोकळी केलेली १०० जीबी जागा इथे १०७३७४ एमबी दिसत होती. जागा तेवढीच, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, हा इन्स्टॉलर १०००च्या.

मी इन्स्टॉलर बंद केला. फोटोंचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला, विंडोजमधला फास्ट स्टार्टअप (हा चालू असला की विंडोज पूर्ण बंद होत नाही) बंद केला आणि डिस्क मॅनेजमेंट या विंडोजमधल्याच साधनातून सी ड्राइव्हला 'विंडोज' आणि डी ड्राइव्हला 'फोटो' अशी नावं दिली. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून जीपार्टेड हे पार्टिशन दाखवणारं आणि बदलणारं साधन उघडलं. तिथे नावं, आकार, मोकळी जागा सगळं स्पष्ट दिसलं. कागदावर उतरवून घेतलं.

पुन्हा इन्स्टॉलरमध्ये जाऊन 'मॅन्युअल' निवडलं. फक्त मोकळ्या जागेत ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) पार्टिशन केलं आणि माउंट पॉइंट रूट ('/') दिला, म्हणजे लिनक्स तिथेच बसेल. ईएफआयचं, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फाइल्सचं, जुनं फॅट३२ पार्टिशन तसंच वापरायचं. त्याच्यासमोरच्या 'फॉरमॅट'च्या चौकोनात खूण नाही ना, हे नीट बघा. ते पुसलं गेलं तर विंडोज सुरू करणारा त्याचा बूटलोडरही जातो.

आता ग्रबच्या (लिनक्सच्या बूटलोडरच्या) मेनूत विंडोज आणि लिनक्स दोन्ही दिसतात.