रिपोर्ट नॉर्मल आला तरी गोळी का आणि कशी चालू ठेवायची

कराडला माझं औषधांचं दुकान आहे. चोवीस वर्षं झाली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बीपी-शुगरच्या चिठ्ठ्या घेऊन गर्दी येते आणि तिच्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ताई, ती कोलेस्टेरॉलची तेवढी वगळा. रिपोर्ट नॉर्मल आलाय."

माझे वडीलही हेच म्हणाले होते. अण्णा एसटीत कंडक्टर होते. २०११ मध्ये त्यांना अटॅक आला, एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसला आणि कोलेस्टेरॉलची गोळी अ‍ॅटॉर्वास्टॅटिन ४० सुरू झाली. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ वरून ६६ वर उतरलं (इथले सगळे कोलेस्टेरॉलचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). "आलं की गं नॉर्मल, आता कशाला गिळायची?" मी फार्मासिस्ट. तरी "डॉक्टरांना विचारू" एवढंच म्हणाले आणि विचारायचं राहून गेलं, गोळीही सुटली. नऊ महिन्यांनी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या उजव्या हातातला ब्रश गळून पडला, तोंड डावीकडे ओढलं गेलं. गोळी चालू असती तर पक्षाघात झालाच नसता, असं मी म्हणू शकत नाही. शक्यता कमी झाली असती, एवढं मात्र नक्की. तेव्हापासून काउंटरवर मी प्रत्येकाला जे सांगते, ते इथे सविस्तर लिहितेय.

तो ६६ कुठून आला?

गोळीनं आणला. अण्णांचं शरीर बदललं नव्हतं. लिव्हरच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल पकडून आत घेणारे रिसेप्टर असतात. ते शोधल्याबद्दल मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. स्टॅटिन (अण्णांची गोळी याच गटातली) लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल तयार करणारं एन्झाइम अडवतं. घरात तुटवडा झाला की लिव्हर जास्त रिसेप्टर बाहेर काढतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. गोळी थांबली की तुटवडा संपतो आणि काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी जाऊन बसतो. बीपीची गोळी घेऊन १३०/८० आलं म्हणजे बीपी बरं झालं असं आपण मानत नाही. इथेही हिशेब तोच.

"असली केमिकलची गोळी जन्मभर कशी घ्यायची?" असं विचारणाऱ्यांना मी अकिरा एंडो यांची गोष्ट सांगते. या जपानी शास्त्रज्ञानं सहा हजारांहून जास्त सूक्ष्मजीव तपासले आणि १९७३ मध्ये क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. बुरशीतून आलं म्हणून ते निर्धोक ठरत नाही, हेही मी लगेच सांगते. भरवसा ठेवायचा तो पुढच्या चाचण्यांवर. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. साधारण साडेपाच वर्षांत सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांमधले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी होते. नंतर २६ चाचण्यांमधल्या सुमारे १ लाख ७० हजार माणसांची माहिती एकत्र पाहिली गेली. एलडीएल दर ३९ नं उतरलं की अटॅक, पक्षाघात, अँजिओप्लास्टी, बायपास असे प्रसंग जवळजवळ पाचव्या हिश्शानं घटतात, असं त्यातून दिसलं. आकडा कमी करण्याला किंमत आहे ती यामुळे.

रिपोर्ट हातात आल्यावर

सगळ्यांची नजर आधी टोटल कोलेस्टेरॉलवर जाते. तिथे थांबू नका. समजा टोटल २१२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) १९० आहे. ट्रायग्लिसराइडला पाचानं भागा, ३८ येतात. २१२ मधून ३८ आणि पुन्हा ३८ वजा करा: एलडीएल १३६. बऱ्याच लॅब एलडीएल असंच गणितानं काढतात. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर असेल तर हे गणित चालत नाही, मग एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं. दुसरी वजाबाकी याहून सोपी आहे. टोटलमधून एचडीएल काढलं की उरतं ते नॉन-एचडीएल, इथे १७४. शुगर किंवा ट्रायग्लिसराइड जास्त असणाऱ्यांनी या आकड्यावरही डोळा ठेवावा. रिपोर्टमध्ये छापलेला नसेल तर पेनानं बाजूला लिहा.

आता सगळ्यात मोठी चूक. आकड्याशेजारी छापलेली "नॉर्मल रेंज" सगळ्यांसाठी एकच असते, पण तुमचं लक्ष्य तुमच्या धोक्यावरून ठरतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात धोका कमी असलेल्यांसाठी एलडीएल १०० च्या खाली, जास्त धोका असलेल्यांसाठी ७० च्या खाली आणि अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांसारख्या अतिजोखमीच्या माणसांसाठी ५५ च्या खाली असं लक्ष्य आहे. म्हणजे स्टेंट बसवलेल्या माणसाच्या रिपोर्टवर ९२ च्या पुढे "नॉर्मल" छापलं असलं, तरी त्याच्यासाठी ते नॉर्मल नाही. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "माझं लक्ष्य किती?" आणि उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. माझ्या काउंटरवर येणाऱ्या दहा फायलींपैकी एखादीवर ते लिहिलेलं दिसतं, याचं मला वाईट वाटतं.

एचडीएल वाढवायला काय घेऊ, असंही लोक विचारतात. त्यासाठी गोळ्यांच्या मागे लागू नका. नायॅसिन या जीवनसत्त्वाच्या गोळीनं एचडीएल वाढतं, पण स्टॅटिन घेणाऱ्यांना ते जोडून दिल्यावर अटॅक काही कमी झाले नाहीत.

नेहमीच्या तपासणीला उपाशीपोटी जायलाच हवं असं नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं असेल किंवा डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल, तरच उपाशी जा. घरात कुणा पुरुषाला पंचावन्नच्या किंवा बाईला पासष्टच्या आत अटॅक आला असेल, तर लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. ती पातळी बहुतांशी वारशानं येते. आणि एलडीएल १९० च्या वर असेल तर थायरॉइड तपासा आणि भावंडांचं, मुलांचंही रक्त तपासा.

गोळी घेताना

अ‍ॅटॉर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन दिवसभरात केव्हाही चालते, पण वेळ रोज एकच ठेवा. सिम्वास्टॅटिन रात्री घ्यायची. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी फक्त सहा टक्क्यांच्या आसपास उतरतं. म्हणून पुष्कळदा डॉक्टर डोस न वाढवता एझेटिमाइब जोडतात, तिनं आणखी साधारण वीस टक्के उतरतं. दुसरी गोळी दिली म्हणजे प्रकृती बिघडली असं समजून घाबरू नका. सुरुवात केल्यावर किंवा बदल झाल्यावर चार ते बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा.

स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचा, वाचता येत नसतील तर आमच्याकडून वाचून घ्या. बाजारात रोसुवास्टॅटिनबरोबर गुठळी रोखणारी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकाच कॅप्सूलमध्ये येतात. एका दवाखान्यातून ही कॅप्सूल आणि दुसरीकडून सुटी अ‍ॅटॉर्वास्टॅटिन, अशी एकदम दोन स्टॅटिन घेणारी माणसं मी पाहिली आहेत. उलटंही होतं. दाढ काढायची म्हणून माणूस "रक्त पातळ करायची" कॅप्सूल आपल्या मनानं थांबवतो. तिच्याबरोबर स्टॅटिन थांबतं, आणि नव्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका उभा राहतो. दाताच्या डॉक्टरांना कॅप्सूलचं पाकीट दाखवा आणि हृदयाच्या डॉक्टरांना फोन करायला सांगा.

आमच्या भागात गजकर्ण फार. त्यासाठी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल महिनाभर दिल्या जातात. अ‍ॅटॉर्वास्टॅटिन किंवा सिम्वास्टॅटिन चालू असताना इट्राकोनॅझोल घेतलं, तर रक्तात स्टॅटिन साठत जातं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. छातीच्या इन्फेक्शनसाठीचं क्लॅरिथ्रोमायसिनही तसंच. त्वचेच्या डॉक्टरांकडे जातानासुद्धा हृदयाची फाइल बरोबर न्या. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

"या गोळीनं पाय दुखतात"

गोळी सुटायचं हे सगळ्यात मोठं कारण, म्हणून इथे थोडं थांबते. दुखणं खोटं नसतं. ते गोळीमुळेच आहे का, एवढं शोधायचं असतं. इंग्लंडमध्ये दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांवर २०२० मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या: चारांत अ‍ॅटॉर्वास्टॅटिन, चारांत तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या, चार रिकाम्या. दर महिन्याला एक. त्रासाची नोंद रोज. रिकाम्या बाटलीच्या महिन्यात त्रास कमी होता. पण औषधाच्या आणि बिनऔषधाच्या गोळीचा त्रास जवळपास सारखा निघाला. स्वतःचे आकडे पाहिल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

बारा बाटल्या आपल्याला जमणार नाहीत, भिंतीवरचं कॅलेंडर जमेल. मी हे सांगते: रोज रात्री त्या दिवसाच्या चौकोनात दुखण्याला शून्य ते दहापैकी गुण द्या आणि त्या दिवशी काय काम केलं ते एका शब्दात लिहा. महिन्यानं ते पान डॉक्टरांकडे न्या. एका गवंड्याच्या पानावर स्लॅब टाकायच्या दिवसांच्या मागेपुढे सहा-सात गुण होते, बाकी सगळीकडे शून्य-एक. गोळी तर रोजच चालू होती. डॉक्टरांनी दोन आठवडे थांबवून पाहिली, तरी स्लॅबच्या दिवशी सातच. गोळी पुन्हा सुरू झाली. एका शिक्षिकाबाईंचं मात्र वेगळं निघालं. गोळी थांबली तशी दोन्ही मांड्यांची दुखी गेली, सुरू केल्यावर परत आली. त्यांना दुसरं स्टॅटिन लहान डोसमध्ये दिलं, ते सोसलं. थांबवायचं की बदलायचं हे डॉक्टर ठरवतात. तुमचं काम पान भरण्याचं.

कॅलेंडरची वाट न पाहण्याची वेळ मात्र ओळखा. स्नायू खूप दुखतायत, जिना चढवत नाही, लघवी चहासारखी गडद झाली, किंवा डोळे पिवळे दिसायला लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. शुगर काठावर असलेल्यांची स्टॅटिननं थोडी वाढू शकते. ती मोजत राहा. अटॅक टाळण्याचा फायदा त्याहून मोठा आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. तेलाच्या पिशवीवर "कोलेस्टेरॉल फ्री" वाचून खूश होऊ नका, कुठल्याही वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसल्यातच जमा असतं. फरसाणाच्या पाकिटामागे पाम तेल किंवा पामोलिन लिहिलंय का ते पाहा. आमच्या घरी माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल येतं, ते संपलं की पुढच्या महिन्यापर्यंत पिठलं-भाकरी आणि आमटी. तंबाखू आणि विडी सोडा, यात मी तडजोड करत नाही.

पैशांची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात हीच औषधं बरीच स्वस्त मिळतात. स्ट्रिपमध्ये पाच गोळ्या उरल्या की पुढची घेऊन ठेवा, म्हणजे सुट्टीत किंवा यात्रेत खंड पडणार नाही.

अण्णा आता एक्याऐंशीचे आहेत. उजवा हात पुरता सुधारला नाही, म्हणून दर रविवारी गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा ते डाव्या हातानं भरतात, मी फक्त शेजारी बसते. गेल्या महिन्यात एलडीएल ७१ आलं. लक्ष्य ५५ च्या खाली, म्हणून डॉक्टरांनी एझेटिमाइब १० जोडली. पुढच्या रक्ततपासणीची तारीख त्यांनी स्वतः, डाव्या हातानं, कॅलेंडरवर लिहिली आहे.