अर्ध्या मिनिटाच्या मूक कार्टूनची तयारी

पेन्सिल हातात घ्यायच्या आधी हिशोब मांडा. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी (फ्रेम, एकामागून एक दिसणारी स्थिर चित्रं) धरत, म्हणजे अर्ध्या मिनिटाला ४८०. धसका घेऊ नका. फ्रान्समध्ये व्यंगचित्रकार एमिल कोलने १९०८ साली एका कार्टूनसाठी सुमारे ७०० चित्रं काढली आणि प्रत्येक कॅमेऱ्याने दोनदा टिपलं. तोच मार्ग धरला तर आपलं काम २४० चित्रांवर येतं. कागद मात्र ३०० आणा, वाया जाणारच.

कागद पातळ हवा. तरीही खाली ठेवलेल्या आधीच्या चित्राची रेघ दिसत नसेल तर कोलसारखी काच घ्या आणि तिच्याखाली दिवा ठेवा.

खरी मेख पुढेच आहे: कागद जागचा हलता कामा नये. केसभर सरकला तरी पडद्यावर चित्राला हीव भरतं. अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके कोपऱ्यांत फुल्या काढून कागद जुळवायचा. त्याच काळातल्या कार्टूनपट करणाऱ्या राऊल बारेने भोकं आणि खुंट्यांची पद्धत आणली. मला दुसरी पटते. ऑफिसातला दोन भोकांचा पंच घ्या, पट्टीवर भोकांत घट्ट बसतील अशा दोन खुंट्या ठोका. पंच शेवटपर्यंत तोच वापरा, उसना दुसरा आणू नका.

मागचं दृश्य रिकामं ठेवा, नाहीतर मदतनीस शोधा. मॅकेच्या १९१४ च्या कार्टूनमधल्या डायनासोरसाठी, जर्टीसाठी, दगड, झाड, तळं प्रत्येक कागदावर पुन्हा पुन्हा गिरवायला शेजारचा एक तरुण, जॉन फिट्झसिमन्स, बसला होता. असा शेजारी सगळ्यांच्या नशिबी नसतो.

स्टॉपवॉच जवळ असू द्या. जर्टीचा श्वास किती लांब ठेवायचा हे ठरवायला मॅकेने स्वतःचाच श्वास मोजला होता. आधी मुख्य हालचालींची चित्रं काढा, मधली नंतर भरा. डोलण्यासारखी हालचाल असेल तर तेच कागद पुन्हा वापरा, यात चोरी कसली, मॅकेनेही केलंय. प्रत्येक कागदावर आकडा टाका आणि पंखा बंद ठेवा; आकडे न टाकलेले माझे चाळीस कागद एकदा खोलीभर उडाले होते.

टिपायला मोबाइल स्टँडवर तोंड खाली करून बांधा, फोकस आणि उजेड लॉक करा, दिवे दोन बाजूंनी तिरपे लावा. खिडकी बंद हवी, नाहीतर ढग आला की चित्र लुकलुकतं.

एकेक चौकट टिपायचा सराव कुंडीतल्या वाटाण्यावर करा. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच टिपली होती. वाटाणे आजच भिजत घाला, कागद येईपर्यंत कोंब फुटलेले असतील.