वाळवंटाच्या थरांतून माणसाचे स्थलांतर कसे वाचावे

एके काळी पाऊस वाढला, वाळवंट हिरवे झाले आणि माणूस आफ्रिकेबाहेर पडला, अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून येत असतात. त्यातला दावा किती पक्का आहे हे पारखायला भूशास्त्राची पदवी लागत नाही; कोणता पुरावा कोणत्या क्रमाने तपासायचा, एवढे ठाऊक असले तरी पुरते. येथे उदाहरण म्हणून मुख्यतः राजस्थानातील थरचे वाळवंट घेतले आहे. आफ्रिका आणि अरबस्तानातून भारतात येणाऱ्या वाटेवर ते पसरले आहे आणि त्यातील डिडवाना परिसराचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र आणि शरद राजगुरू यांनी अनेक वर्षे केला आहे.

सर्वप्रथम पाणी शोधावे आणि ते कोठून आले हेही पाहावे. खारे सरोवर आटू लागते तेव्हा आधी कॅल्शियम कार्बोनेट साचते, मग जिप्सम आणि अगदी शेवटी साधे मीठ. त्यामुळे सरोवराच्या तळाच्या गाळात खालून वर जाताना मिठाचा थर संपून चिकणमाती सुरू झाली, तर पाऊस वाढला असे म्हणता येते. डिडवानाच्या सरोवराने शेवटच्या हिमयुगाच्या कडाक्याच्या काळात मिठाचे थर टाकले आणि नंतर, होलोसीनच्या (हिमयुग संपल्यापासून आजपर्यंतच्या काळाच्या) मध्यकाळात, तेथे गोडे व खोल पाणी होते. नदीच्या गाळाबाबत मात्र सावध राहावे. दूरच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचे पाणी वाळवंटातून वाहत गेले, म्हणून वाळवंटात पाऊस पडत होता असे ठरत नाही. आजची नाईल नदी याचे धडधडीत उदाहरण आहे. बिकानेरजवळ नाल येथे, आज जेथे वाहती नदी नाही तेथे, सुमारे १ लाख ७२ हजार वर्षांपूर्वी नदी वाहत होती. प्राण्यांना आणि माणसांना त्या पाण्याचा उपयोग होता यात शंका नाही, परंतु केवळ त्या वाळूवरून आसपासच्या माळावर गवत होते की नाही हे सांगता येत नाही. त्यासाठी मातीतील कार्बनची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) आणि वनस्पतींच्या पेशींतून उरलेले सिलिकाचे सूक्ष्म कण तपासावे लागतात.

वाळूच्या टेकड्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण नेमके येथेच बहुतेक वाचक फसतात. टेकडी म्हणजे दुष्काळ, असे समीकरण सहज मनात बसते. थरमध्ये ते लागू पडत नाही. येथील वाळू प्रामुख्याने उन्हाळ्यातील नैऋत्येच्या वाऱ्यांनी उडते आणि हे वारे मान्सूनच्याच यंत्रणेचा भाग आहेत. हिमयुगाच्या ऐन कडाक्यात मान्सून मंदावला होता. जमीन कोरडी होती, वाळू मोकळी होती, पण ती उडवणारा वाराच क्षीण होता. पुढे मान्सून पुन्हा जोर धरू लागला तेव्हा वारा आधी आला आणि वाळू बांधून ठेवणारी झाडीझुडपे मागाहून वाढली, त्यामुळे टेकड्यांची वाढ मुख्यतः या संक्रमणाच्या काळात झाली. पुढे पाऊस स्थिरावला की टेकडीवर माती तयार होते आणि तीत चुन्याचे खडे, म्हणजे कंकर, धरतात. डिडवानाजवळची ‘१६-आर’ या नावाने ओळखली जाणारी टेकडी सुमारे १८ ते २० मीटर खोलवर अभ्यासली गेली आहे. तिच्या उभ्या छेदात वाळू आणि कंकरयुक्त माती यांचे पट्टे आलटून पालटून येतात आणि जवळपास २ लाख वर्षांतील हवामानाची नोंद त्यांत आहे. एखाद्या लेखात ‘वाळूचा थर, म्हणून कोरडा काळ’ एवढेच लिहिलेले आढळले, तर लेखकाने वाऱ्याचा विचार केला आहे का हे जरूर पाहावे.

यानंतर वय. रेडिओकार्बन पद्धत साधारण ५० हजार वर्षांपलीकडे निरुपयोगी ठरते आणि वाळूत हाडे-कोळसा मुळातच क्वचित टिकतो. म्हणून येथे ल्युमिनेसन्स पद्धत वापरतात. सूर्यप्रकाशात वाळूच्या कणात साठलेली ऊर्जा पुसली जाते. कण गाडला गेला की भोवतालच्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सर्गामुळे ती पुन्हा साठू लागते. ही साठलेली ऊर्जा मोजून, त्या कणाने शेवटचा प्रकाश कधी पाहिला ते काढतात. नमुना घेताना छेदाचा दर्शनी भाग खरवडून काढतात, लोखंडी नळी आडवी ठोकतात, तिची दोन्ही तोंडे ताबडतोब बंद करतात आणि ती प्रयोगशाळेतील मंद लाल प्रकाशातच उघडतात. उन्हाचा स्पर्श झाला तर सगळा हिशेब शून्यावर येतो. या पद्धतीतील दोन कच्चे दुवे वाचकाने लक्षात ठेवावेत. पहिला ओलाव्याचा. कणांमधील पाणी किरणोत्सर्ग शोषून घेते, त्यामुळे थर पूर्वी आजच्यापेक्षा ओला असेल आणि ते गृहीत धरले नसेल तर वय खऱ्यापेक्षा कमी येते. ज्या काळाविषयी आपण ‘ओला होता’ असे म्हणू पाहतो, तेथेच ही चूक होण्याचा संभव अधिक, हे विशेष. दुसरा दुवा असा की क्वार्ट्झच्या, म्हणजे गारेच्या, कणाची साठवण कधीतरी भरून जाते आणि त्यानंतर निघालेले वय हे केवळ किमान वय असते.

वय ठरले तरी हत्यार त्याच थरातले आहे का, हा प्रश्न उरतोच. वारा वाळू उडवून नेतो, पण दगड जागीच राहतात. त्यामुळे हजारो वर्षांच्या अंतराने टाकलेली हत्यारे एकाच पृष्ठभागावर शेजारी शेजारी येऊन बसतात. पृष्ठभागावरून वेचलेल्या हत्यारांवर आधारलेला स्थलांतराचा सिद्धान्त म्हणूनच मी फारसा मनावर घेत नाही. याउलट डिडवानाजवळच्या सिंगी तलाव येथे हातकुऱ्हाडी बारीक गाळात मिळाल्या आणि त्यांच्यासोबत स्फटिकाचे लहान खडे मिळाले. हत्यार घडवण्याजोगा त्यांचा आकार नाही आणि असे खडे त्या बारीक गाळात आपोआप येत नाहीत. कोणीतरी ते वेचून आणले असावेत. या ठिकाणचे अशूलियन हत्यारांची, म्हणजे हातकुऱ्हाडी घडवण्याच्या प्राचीन परंपरेची, वस्ती १ लाख ७७ हजार वर्षांपूर्वीपर्यंत टिकल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

हत्यार करणारा कोण होता, हे हत्यार सांगत नाही. राजस्थानातीलच काटोआटी येथे सुमारे ९६ हजार वर्षांपूर्वीच्या थरात मध्यपुराश्मयुगीन (हातकुऱ्हाडींच्या नंतरच्या टप्प्यातील) हत्यारे आहेत आणि आफ्रिकेतील समकालीन हत्यारांशी त्यांचे साम्य असल्याने ती आधुनिक मानवाची, म्हणजे आपल्याच जातीच्या माणसाची, असावीत असे मांडले गेले, पण सोबत मानवी हाड नाही. अरबस्तानात ही उणीव थोडी भरून निघाली. सौदी अरेबियातील नफूद वाळवंटात अल-वुस्ता येथे प्राचीन सरोवराकाठी आधुनिक मानवाच्या बोटाचे सुमारे ८५ ते ९० हजार वर्षांपूर्वीचे हाड मिळाले. त्याच वाळवंटातील खल्ल अमयशान येथे सरोवरांचे आणि वस्तीचे पाच टप्पे नोंदले गेले आहेत: अंदाजे ४ लाख, ३ लाख, २ लाख, १ लाख ३० हजार ते ७५ हजार आणि ५५ हजार वर्षांपूर्वीचे. या नोंदी काटोआटीशेजारी मांडल्या तर अरबस्तानापासून राजस्थानापर्यंतची वाट एकाच ओल्या कालखंडात खुली होती असे वाटते, आणि ते शक्यही आहे. मात्र एवढ्या जुन्या वयांत काही हजार वर्षांची अनिश्चितता असते. तेवढ्या अवधीत पाऊस येऊन जाऊही शकतो. तेव्हा ‘एकाच वेळी’ हे शब्द सैलपणे वाचावेत.

पावसाचा आणि माणसांच्या हालचालीचा मेळ काटेकोरपणे घातलेला पाहायचा असेल तर अलीकडच्या काळाकडे, पूर्व सहाराकडे वळावे, कारण तेथे रेडिओकार्बन वापरता येतो. इजिप्त आणि सुदानच्या पश्चिम भागात इ.स.पू. ८५०० च्या सुमारास मान्सूनचा पाऊस पोचला आणि लवकरच तेथे माणसांची वस्ती झाली. त्याच काळात नाईलच्या खोऱ्यात मात्र वस्तीच्या खुणा फारच विरळ आहेत. केवळ नदीकाठ खोदला असता तर माणसे नाहीशी झाली असा निष्कर्ष निघाला असता. प्रत्यक्षात ती पश्चिमेच्या गवताळ माळांवर होती. म्हणून निघाल्याचे ठिकाण आणि पोचल्याचे ठिकाण, दोन्हीकडची कालरेषा हाती असल्याशिवाय स्थलांतर हा शब्द वापरू नये. पुढे इ.स.पू. ५३०० नंतर पाऊस हटू लागला आणि वस्ती नाईलकडे व दक्षिणेला सुदानकडे सरकली, तरीही सगळे एकदम उठले नाहीत. इजिप्तच्या नैऋत्य कोपऱ्यातील गिल्फ कबीरच्या पठारावर पाऊस अधिक काळ रेंगाळला आणि तेथील वस्ती इ.स.पू. ३५०० च्या आसपासपर्यंत टिकून राहिली.