लाकडी जमिनीखालचे इन्सुलेशन : ब्रिटनमधील जुन्या घरांसाठी

ब्रिटनमध्ये व्हिक्टोरियन किंवा एडवर्डियन काळातील, म्हणजे ढोबळमानाने १९१४ पूर्वीचे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला पहिल्याच हिवाळ्यात एक कोडे पडते. हीटिंग चालू असते, रेडिएटरला हात लावू नये इतका तो तापलेला असतो, आणि तरीही सोफ्यावर बसलेल्या माणसाचे पाय घोट्यापर्यंत गार पडलेले असतात. याचे उत्तर पायाखालीच असते. आपल्याकडच्या वाड्याचे जोते दगडमातीने भरीव असते. या घरांच्या पुढच्या खोल्यांखाली मात्र पोकळी असते. सुमारे १०० मिलिमीटर उंचीच्या लाकडी तुळया, म्हणजे जॉइस्ट, बाहेरच्या भिंतींवर आणि मधल्या बुटक्या स्लीपर भिंतींवर टेकलेल्या असतात आणि त्यांवर फळ्या ठोकलेल्या असतात. खालचे लाकूड कोरडे राहावे म्हणून पोकळीतून वारा खेळता ठेवण्यासाठी बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत भोके असलेल्या विटा बसवलेल्या असतात. त्यांना एअर ब्रिक म्हणतात.

घरातील गरम हवा वर चढून माळ्याकडच्या फटींतून निसटते आणि तिची जागा घेण्यासाठी पोकळीतील गार हवा फळ्यांच्या सांध्यांतून व स्कर्टिंगखालच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या लाकडी पट्टीखालच्या फटीतून खोलीत ओढली जाते. वारा सुटलेल्या संध्याकाळी स्कर्टिंगजवळ पेटलेली उदबत्ती धरून पाहावी. सरळ वर जाणारी धुराची रेघ फटीसमोर येताच खोलीच्या आत वाकते, आणि ज्या ठिकाणी ती सर्वांत जास्त वाकते ते ठिकाण खडूने खूण करून ठेवावे. ही खूण काम संपल्यावर पुन्हा उपयोगी पडणार आहे.

या उदबत्तीवरून बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो एअर ब्रिक बुजवण्याचा. तो कटाक्षाने टाळावा. खालचा वारा खालीच वाहू द्यायचा, तुळयांमध्ये भरलेल्या लोकरीच्या थरात, म्हणजे इन्सुलेशनमध्ये, हवा निश्चल ठेवायची आणि खोली वरून हवाबंद करायची, अशा तीन वेगळ्या गोष्टी या कामात साधायच्या असतात. त्यातली पहिली चुकली तर उरलेल्या दोन घराला अपायच करतात. कारण इन्सुलेशन बसल्यावर खोलीची ऊब खाली पोहोचत नाही, पोकळी आणि तुळयांचा खालचा भाग पूर्वीपेक्षा गार राहतो, आणि गार लाकूड ओल लवकर धरते. म्हणून आधी कोरडेपणाची खात्री आणि मगच लोकर, हा क्रम मी कोणत्याही परिस्थितीत बदलणार नाही.

आधी कोरडेपणा

कामाची सुरुवात घराबाहेरून करावी. सगळ्या एअर ब्रिक मोजाव्यात, त्यांतली माती आणि जुन्या रंगाचे थर साफ करावेत, आणि बाहेरची माती किंवा फरशी भिंतीतल्या ओलरोधक थरापेक्षा निदान १५० मिलिमीटर खाली आहे ना, हे पाहावे. पोकळीला किती मोकळी वाट हवी यासाठी इंग्लंडच्या बांधकाम नियमांतील माप चांगले मार्गदर्शक आहे : बाहेरच्या भिंतीच्या दर मीटरला १५०० चौरस मिलिमीटर किंवा जमिनीच्या दर चौरस मीटरला ५०० चौरस मिलिमीटर, यांपैकी जे अधिक भरेल ते. पाच मीटर रुंद आणि आठ मीटर खोल अशा, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरे असलेल्या टेरेस घरात ४० चौरस मीटर जमिनीसाठी हा हिशेब २०,००० चौरस मिलिमीटर येतो, आणि ही वाट समोरासमोरच्या भिंतींत वाटलेली असावी लागते. जुन्या मातीच्या एअर ब्रिकची भोके आत निमुळती होत जातात, त्यामुळे विटेच्या बाहेरच्या आकारावरून अंदाज बांधू नये. कमी पडत असेल तर मोठ्या जाळीच्या नव्या विटा आधी बसवून घ्याव्यात. मागे वाढवलेल्या स्वयंपाकघराची जमीन काँक्रीटची असेल, तर तिच्याखालून वाऱ्याची वाट नेणारा पाइप ठेवलेला आहे की ती वाट बंदच झाली आहे, हेही शोधावे.

त्यानंतर एक-दोन फळ्या उचलून टॉर्चने आत पाहावे. तुळयांची जी टोके बाहेरच्या भिंतीत रुतलेली असतात, ती सर्वांत आधी कुजतात. आमच्या इल्फर्डच्या घरात आधीच्या कुणीतरी मागच्या अंगणात फरशीवर फरशी घातली होती आणि दोन एअर ब्रिक अर्ध्या बुजल्या होत्या. वरून ती जमीन अगदी ठणठणीत दिसत होती. पण त्या बाजूच्या तुळईच्या टोकात स्क्रूड्रायव्हर बोटभर आत गेला, आणि बाहेर काढल्यावर त्याला चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा लाकडाचा लगदा चिकटला होता. अशा वेळी कुजलेला भाग कापून शेजारी नवी तुळई बोल्टने जोडावी लागते, आणि नवे टोक विटेत न रुतवता जॉइस्ट हँगरवर, म्हणजे तुळई पेलणाऱ्या धातूच्या खोबणीवर, टेकवणे चांगले. लाकडातील ओलावा मोजण्याचे दोन सुयांचे यंत्र स्वस्तात मिळते. मोजणी २० टक्क्यांच्या वर गेली, तर ओलीचे कारण सापडून दूर होईपर्यंत पुढे जाऊ नये. लाकडाला चौकोनी तडे, कापसासारखी पांढरी बुरशी किंवा गंजाच्या रंगाची भुकटी दिसली, तर तो ड्राय रॉट, म्हणजे लाकूड कुजवणारी बुरशी, असण्याची शक्यता मोठी असते आणि तेथे जाणकार सर्वेक्षकाला बोलावणे आवश्यक आहे.

पोकळीत विटांचे तुकडे, गिलाव्याचा ढिगारा आणि पूर्वीच्या कामाचा राडारोडा हमखास पडलेला असतो. तो बाहेर काढावा, कारण तो वारा अडवतो आणि भिंतीला टेकलेला असेल तर जमिनीची ओल लाकडापर्यंत चढवतो. मात्र जुन्या पाइपांभोवतीचे आवरण, पूर्वी चिकटवलेल्या चौकोनी टाइल किंवा त्यांखालचा काळा डांबरी थर यांना हात लावण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. ब्रिटनमध्ये अॅस्बेस्टॉसवर, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक ठरणाऱ्या खनिज तंतूंवर, पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्यामुळे त्याआधी केव्हाही झालेल्या कामात ते असू शकते.

कोणती लोकर निवडावी

खनिज लोकर, लाकडाच्या तंतूंचे लवचीक पट्टे, मेंढीची लोकर, फोमचे कडक बोर्ड आणि फवारून चिकटवायचा फोम असे पर्याय दुकानदार पुढे ठेवतात. कडक बोर्ड कमी जाडीत अधिक उष्णता अडवतात, हे खरे. पण शंभर वर्षांच्या तुळया वाकड्या असतात, त्यांच्यामधले अंतर एका टोकाला ३४० मिलिमीटर तर दुसऱ्या टोकाला ३६० असते, आणि बोर्डाच्या कडेला राहिलेल्या फटीतून गार हवा वर आली की त्याच्या जाडीचा फायदा उरत नाही. लवचीक पट्टा किंचित मोठा कापून दाबून बसवला की तो स्वतःच जागा भरतो आणि लाकडातली वाफही अडवत नाही. म्हणून जुन्या घरासाठी मी लाकडाच्या तंतूंचा पट्टा किंवा खनिज लोकर यांचीच शिफारस करेन. फवारलेला फोम तुळयांना चिकटून त्यांना झाकून टाकतो, नंतर तपासणी करता येत नाही आणि तो काढणेही दुरापास्त होते. त्या वाटेला जाऊ नये.

प्रत्यक्ष काम

एका वेळी एकच खोली घ्यावी. मुख्य बोर्डावरून वीज बंद करावी, कारण फळ्यांखाली केबल आणि पाण्याचे व गॅसचे पाइप कसेही गेलेले असू शकतात. पूर्वी इलेक्ट्रिशियनने कापलेली आखूड फळी शोधून तेथून सुरुवात केली की पहिली फळी काढण्याची झटापट वाचते. रुंद छिन्नी आणि पहार घेऊन खिळ्यांच्या रांगेजवळ दोन्ही बाजूंनी थोडे थोडे उचलत जावे. एकाच जागी जोर लावला की जुनी पाइनची फळी लांबीभर चिरते. काढलेल्या प्रत्येक फळीच्या पाठीवर खडूने क्रमांक आणि दिशा लिहावी. तुळयांवर आडवी जाड फळी टाकूनच वावरावे. तोल सांभाळत तुळईवरून चालणे धोक्याचे आहे.

आता झोळी बांधायची. वारा अडवणारा पण वाफ जाऊ देणारा पडदा, ज्याला ब्रीदर मेम्ब्रेन म्हणतात, तुळईच्या माथ्यावरून घेऊन पुढच्या खणात, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेत, खाली सोडावा, तुळईच्या खालच्या कडेपर्यंत नेऊन स्टेपल मारावेत, मग पुन्हा वर आणून पुढच्या तुळईवर न्यावा. खणाच्या कोपऱ्यात पडदा काटकोनात बसला पाहिजे. तो गोलसर लोंबला तर कडेला लोकर पातळ होते. केवळ जाळी बांधूनही लोकर अधांतरी राहते, परंतु एअर ब्रिकमधून येणारा वारा जाळीतून लोकरीत शिरतो आणि तिची ऊब धुऊन नेतो, म्हणून पडद्यावरचा थोडा जास्त खर्च करावाच. मग पट्टे खणापेक्षा १० मिलिमीटर रुंद कापून, तुळईच्या माथ्याशी सपाट येतील असे भरावेत. फळी आणि लोकर यांच्यात अंतर राहू देऊ नये. भिंतीलगतचा शेवटचा अरुंद खण कंटाळून तसाच सोडला जातो, आणि गारवा नेमका तेथूनच येतो. तो हाताने नीट भरावा. एअर ब्रिकच्या तोंडासमोर मात्र काहीही येता कामा नये, आणि झोळीखाली जमिनीपर्यंत निदान १५० मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे.

झोळीखाली राहणारे पाण्याचे पाइप आता अधिक गार जागेत असतील, म्हणून त्यांना फोमची नळी चढवावी. केबल लोकरीत गुंडाळली गेली तर तिची उष्णता बाहेर पडत नाही; विजेची स्वयंपाकाची शेगडी (कुकर) किंवा विजेचा शॉवर अशा जास्त वीज ओढणाऱ्या उपकरणांच्या केबल इलेक्ट्रिशियनला दाखवूनच जागा ठरवावी. गॅसचा पाइप हलवायचा असेल तर ते काम गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाचेच आहे.

लोकरीवर, फळ्यांखाली, हवाबंद पडदा पसरावा. तो वाफ बेताने जाऊ देणाऱ्या जातीचा असावा, साधे प्लॅस्टिक नसावे. एरवी फळ्यांवर सांडलेले पाणी लाकडातच अडकून पडते. सांधे त्याच्याच टेपने जोडावेत आणि कडा भिंतीच्या गिलाव्यावर ५० मिलिमीटर वर वळवून चिकटवाव्यात, म्हणजे त्या नंतर स्कर्टिंगमागे झाकल्या जातात. यासाठी स्कर्टिंग काढावे लागते. ते कष्टाचे आहे, पण खोलीतला वारा थांबतो तो मुख्यतः या कडांमुळे. फळ्या क्रमांकानुसार परत बसवताना खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत. एका तुळईच्या टोकाजवळ, बाहेरच्या भिंतीलगत, उघडता येईल असे हातभर लांबीचे झाकण ठेवावे आणि त्याखालचा पडदा टेपने पुन्हा चिकटवता येईल असा कापावा.

खोलीत लाकडाची शेगडी किंवा जुनी गॅसची शेगडी असेल, तर ती आजवर या फटींतूनच हवा घेत आली असण्याची शक्यता आहे. जमीन हवाबंद केल्यावर तिला स्वतंत्र हवा मिळते का, हे तपासून घ्यावे आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा.

खाली तळघर असेल किंवा माणूस सरपटू शकेल इतकी पोकळी असेल, तर फळ्या न काढता खालून लोकर भरून पडदा तुळयांच्या तळाला मारता येतो. मात्र तेव्हा वरच्या फटी आणि स्कर्टिंगच्या कडा वेगळ्या बुजवाव्या लागतात. ज्यांची जमीन भरीव काँक्रीटची आहे त्यांचा मार्ग संपूर्ण वेगळा आहे, आणि वरचे काहीही तेथे लागू पडत नाही.

इंग्लंडमध्ये जमिनीच्या निम्म्याहून अधिक भागाचे काम काढले की ते बांधकाम नियमांच्या कक्षेत येते आणि यू-मूल्य, म्हणजे जमिनीतून उष्णता किती निसटते याचे माप (जितके कमी तितके चांगले), ०.२५ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विनपर्यंत आणण्याची अपेक्षा असते. केवळ तुळईच्या १०० मिलिमीटर उंचीत हे नेहमी साधत नाही. जुन्या बांधणीच्या घरांना ओलीच्या कारणास्तव सवलत मिळू शकते, म्हणून सुरुवातीलाच कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलशी, म्हणजे बांधकाम नियम तपासणाऱ्या विभागाशी, बोलावे. घर लिस्टेड, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या यादीतले असेल तर वेगळी परवानगी लागू शकते. कंत्राटदाराकडून काम करून घेतल्यास ३१ मार्च २०२७ पर्यंत त्यावर व्हॅटचा दर शून्य आहे. स्वतः साहित्य आणून काम करणाऱ्याला हा लाभ मिळत नाही.

वारा सुटेल त्या पहिल्या संध्याकाळी खडूच्या खुणांपाशी पुन्हा उदबत्ती धरावी, आणि रेघ जेथे अजून वाकते तेथली कड उघडून टेप नव्याने लावावी. झाकण उघडून तुळईच्या टोकाची ओल फेब्रुवारीत मोजावी आणि ऑगस्टमध्येही, कारण उन्हाळ्याची दमट हवा गार पोकळीत शिरल्यावर ओलावा हिवाळ्यापेक्षाही वाढलेला आढळू शकतो. दोन्ही आकडे तारखेसह झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवावेत.