किनाऱ्यावरच्या उन्हाळी गडगडाटाचा अंदाज कसा बांधावा

सुरुवात सकाळी सोडलेल्या हवामान-फुग्याच्या नोंदीपासून करा. केप (CAPE), म्हणजे वर चढणाऱ्या हवेला मिळू शकणारी ऊर्जा, 1000 जूल प्रतिकिलोच्या वर असेल तर दिवस लक्ष ठेवण्याजोगा. पण नुसत्या केपवर भिस्त ठेवू नका. दीड-दोन किलोमीटरवर उबदार हवेचं झाकण घट्ट बसलेलं असेल, तर दुपारभर घामाच्या धारा लागतात आणि ढग काही चढत नाही.

खरी मेख खाऱ्या वाऱ्यात आहे. साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा वारा जमिनीकडून समुद्राकडे हलकेच वाहत असेल, तर खाऱ्या वाऱ्याची आघाडी, म्हणजे समुद्रावरून येणाऱ्या गार हवेची पुढची कड, किनाऱ्याजवळच अडते, हवा तिथेच वर रेटली जाते आणि पाऊसही तिथेच पडतो. तोच वारा समुद्राकडून असला की आघाडी भराभर आत सरकते. किनारा कोरडा, गडगडाट आतल्या भागात.

अकरानंतर उपग्रहाचं दृश्य चित्र उघडा. किनाऱ्याला समांतर कापसासारख्या ढगांची बारीक रेघ आणि तिच्या समुद्राकडच्या बाजूला निरभ्र पट्टा दिसला, तर तीच आघाडी. आधीच्या वादळातून सुटलेला थंड झोत या रेघेला जिथे छेदतो, तिथे नजर रोखून ठेवा.

नेहमीची चूक म्हणजे किनाऱ्यावरच्या हवामान केंद्राचा दवबिंदू (हवेतल्या ओलाव्याचं माप) आतल्या भागालाही लावणं. दुपारी आतल्या भागातली हवा कोरड्या हवेत मिसळते, दवबिंदू दोन-तीन अंशांनी उतरतो, आणि कागदावरचा केप हवेत विरतो.