घरच्यांना प्रभूविषयी सांगताना या चुका टाळा

गरसेकरांच्या प्रदेशातला तो भूतग्रस्त माणूस बरा झाला आणि येशूबरोबर जायला निघाला. येशूनं त्याला तारवात घेतलं नाही. आधी घरी जा, आपल्या माणसांना सांग, असं म्हणून परत पाठवलं (बायबल, मार्क ५:१९). मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उभं राहून प्रभूनं आपल्यासाठी काय केलं याची साक्ष देणं त्यामानानं सोपं असतं. घरात समोर बसलेल्या माणसांनी आपली चिडचिड, आपला आळस, आपलं खोटं बोलणं सगळं पाहिलेलं असतं. तिथंच आपण जास्त चुकतो. मीही चुकलो आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रार्थनेतून टोमणे मारणं. आमच्याकडे रात्री साडेआठला कौटुंबिक प्रार्थना असते. एक गीत, शास्त्रपाठ, मग प्रार्थना. मुलगा दहावीत होता त्या वर्षी माझी प्रार्थना लांबत गेली. ‘प्रभू, याला मोबाइलपासून सोडव, याला आईवडिलांचा मान ठेवायला शिकव.’ मी देवाशी बोलतोय असंच मला वाटायचं. एका रात्री मध्येच माझे डोळे उघडले. बायकोचे, मुलीचे डोळे मिटलेले होते. मुलगा मात्र सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसला होता, बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत. आमेन व्हायच्या आतच तो उठून गेला.

‘बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका’ हे इफिसकरांस पत्रातलं वचन (६:४) मी शब्बाथशाळेत कितीदा शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याची माफी मागितली. ‘पण तूही...’ हे दोन शब्द तोंडाशी आले होते, ते गिळले. त्याच्याबद्दलच्या तक्रारी आता मी एकटा असताना देवापुढे ठेवतो. सगळे बसलेले असताना फक्त विचारतो, ‘तुझ्यासाठी काय मागू?’ कित्येक आठवडे उत्तर आलं नाही. मग एकदा म्हणाला, ‘उद्या गणिताची प्रिलिम आहे.’ मी गणितासाठी एक वाक्य मागितलं आणि आमेन म्हटलं.

भांडणात वचन फेकून मारणं हा याचाच दुसरा प्रकार. नवरा-बायकोची बोलाचाली वाढली की ‘पत्नीनं पतीच्या अधीन असावं’ हे हमखास बाहेर येतं. इफिसकरांस पत्रात त्याच्या एकच ओळ आधी ‘एकमेकांच्या अधीन असा’ लिहिलंय, आणि थोडं पुढं नवऱ्याला सांगितलंय की ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती कर. ज्याला जे लिहिलंय त्यानं ते स्वतःपुरतं वाचावं. आवाज चढलेला असताना पवित्र शास्त्र उघडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात आपण एकटेच ख्रिस्ताच्या विश्वासात आलेलो असू, तर घाई घात करते. अशा प्रत्येकाला मी टिळकांच्या घराची आठवण देतो. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. दोघं काही काळ वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही त्या आपला सोवळ्याचा आचार पाळत होत्या आणि टिळकांनी तो पाळू दिला. जातिभेद लक्ष्मीबाईंच्या मनातून आधी गेला, बाप्तिस्मा पुढे १९०० साली झाला, तोही स्वतःच्या विचारानं. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं काव्य याच लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. मधल्या त्या पाच वर्षांत टिळकांनी जबरदस्ती केली असती तर काय झालं असतं, याचा विचार करून पाहा.

नातेवाइकांच्या देवादिकांना नावं ठेवणं तर पूर्ण बंद करा. त्यानं कुणाचंही मन प्रभूकडे वळत नाही, फक्त आईला रडू येतं. सासरी किंवा मामाकडे सत्यनारायण असेल आणि प्रसाद घेणं तुमच्या विवेकाला पटत नसेल, तर ते आदल्या दिवशी फोनवर सांगा. ‘मामी, मी येतेय, पंगतीत वाढायला उभी राहीन, फक्त प्रसाद घेणार नाही, मनाला लावून घेऊ नका.’ चार पाहुण्यांसमोर पुढे आलेली वाटी मागं सारली की मामींचा अपमान होतो. आणि वाढायला उभं राहायचं म्हटलंय तर मागची भांडी आवरेपर्यंत थांबा.

आजारी आजी-आजोबांच्या उशाशी बसून ‘आता तरी स्वीकारा’ असा लकडा लावू नका. औषध द्या, पाय चेपा, त्यांनी होकार दिला तर एक स्तोत्र हळू आवाजात म्हणा.

घरची प्रार्थना बंदच पडली असेल, आणि बऱ्याच घरांत ती पडलेली आहे, तर अर्ध्या तासानं सुरुवात करू नका. आठ-दहा दिवसांत ती पुन्हा बंद पडेल. जेवण झाल्यावर ताटं उचलायच्या आधी दहा मिनिटं घ्या. पहिला आठवडा रोज स्तोत्र २३च वाचा, वाचायला सगळ्यात लहान मुलाला सांगा. ते अडखळलं तर लगेच दुरुस्त करू नका, सावकाश वाचू द्या. एखादा आला नाही तर हाका मारत बसू नका. त्याची जागा मोकळी ठेवा आणि दार उघडं.