शब्दकोड्यांनी उजळणी घेताना या चुका टाळा

तास रंगतो, मुले चढाओढीने शब्द शोधतात, सगळ्यांची पाने भरतात. आठवड्याने त्याच धड्यातला ‘क्षितिज’ विचारला की वर्ग गप्प. उजळणीसाठी कोडी वापरणाऱ्या मराठीच्या शिक्षकांची ही नेहमीची तक्रार. अशा वेळी मुलांचे लक्ष नव्हते असे म्हणण्याआधी कोडे तपासावे. मुलांना शब्द आठवावा लागला, की नुसता दिसला?

यादी शेजारी देणे

सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत कमी उपयोगाचा प्रकार म्हणजे अक्षरांच्या चौकोनात लपलेल्या शब्दांना गोल करणे. शेजारी शब्दांची यादी छापली की ते काम निव्वळ डोळ्यांचे होते. ‘क्षि’ दिसला, गोल केला, झाले. अर्थ ठाऊक नसलेले मूलही पहिले येऊ शकते.

यादी काढून टाका आणि तिच्या जागी अर्थ द्या: ‘आकाश जमिनीला टेकल्यासारखे दिसते ती रेषा’. आता आधी शब्द डोक्यातून काढावा लागतो, मग चौकोनात शोधावा लागतो. मेहनत वाढते, तास थोडा रेंगाळतो, काही मुले कुरकुरतात. कुरकुरू द्या. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या दोन गटांची तुलना केली. एकाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले होते. म्हणून तास संपताना दिसणाऱ्या यशावर फार विसंबू नये.

संगणकाने बनवलेले कोडे न तपासता वाटणे

कोडी तयार करून देणारी बरीच संकेतस्थळे इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहेत. मराठी कोड्यात एका चौकटीत एक पूर्ण अक्षर येते, काना-मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरासकट. ‘क्षेत्र’ला दोन चौकटी पुरतात. संगणक मात्र हा शब्द सात तुकड्यांत साठवतो: क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. साध्या संकेतस्थळावर सुटी वेलांटी एका चौकटीत आणि तिचे व्यंजन शेजारच्या चौकटीत असा विनोद घडतो. छापण्याआधी एखादा जोडाक्षराचा शब्द टाकून बघा. फुटत असेल तर सरळ गणिताची चौकटीची वही घ्या. दहा शब्दांचे कोडे हाताने बसवायला फार वेळ लागत नाही.

हाताने बसवताना ऱ्हस्व-दीर्घ मात्र सोडू नका. उभा ‘नदी’ आडव्या ‘दीपक’ला ‘दी’त छेदतो. तिथे ‘दिवस’ बसत नाही. ‘कोड्यापुरते चालते’ म्हणून सूट दिली, तर शुद्धलेखनाची फुकट मिळालेली उजळणी आपणच घालवतो. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’ या जोड्यांसाठी छेदाच्या चौकटीइतकी चांगली जागा नाही.

अनेक उत्तरे असलेले प्रश्न

‘पाणी, तीन अक्षरे’ असे लिहिले की उदक, सलिल, जीवन ही तिन्ही उत्तरे बरोबर. शिक्षकाच्या मनात ‘उदक’ असते, ‘सलिल’ लिहिणाऱ्या मुलीला फुली मिळते, आणि वर्गात सर्वांत जास्त शब्द येणारे मूलच नाउमेद होते. समानार्थी शब्द देण्याऐवजी रिकामी जागा असलेले वाक्य द्या: ‘दान देताना हातावर ___ सोडतात’. शब्द कुठे वापरतात हेही त्यातून कळते.

अक्षरे जुळवण्याच्या खेळातही हेच. ‘क, म, र’ दिले तर कमर, मकर आणि रकम असे तीन शब्द होतात. एकच शब्द हवा असेल तर अर्थ सोबत द्या. नाहीतर ‘किती शब्द होतात?’ असाच प्रश्न विचारा, तो जास्त मजेचा आहे.

मूळ रूपावरच थांबणे

याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. कोड्यात शब्द नेहमी मूळ रूपात असतो, धड्यात आणि बोलण्यात तो प्रत्यय लावून येतो. ‘विहीर’ चौकटीत अचूक भरणारा मुलगा निबंधात ‘विहीरीत’ लिहितो, कारण ‘विहिरीत’ त्याने कोड्यात कधी भरलेलेच नाही. फूल-फुलाला, गरीब-गरिबाला यांचेही तसेच. कोडे सुटले की त्यातले तीन-चार शब्द निवडून प्रत्यय लावून वाक्ये लिहून घ्या. शब्दाच्या मागे तो, ती की ते हेही विचारा. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकणारी मुले अर्थापेक्षा लिंगावर जास्त अडतात.

भेंड्यांमध्ये मुलांना बाद करणे

शब्दांच्या भेंड्यांत जो अडतो तो बाद होतो. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच पहिल्या पाच मिनिटांत नुसता बघत बसतो. बाद करू नका. अडलेल्याला गटाची मदत घेऊ द्या, पण शब्द त्यानेच उच्चारायचा आणि अर्थ त्यानेच सांगायचा. शब्द चालू धड्यांतलेच हवेत, अशी अट सुरुवातीलाच घाला. नाहीतर कमळ, मगर, रताळे यांच्या पलीकडे खेळ जात नाही. ‘ण’ आणि ‘ळ’चा नियमही आधी ठरवा. या अक्षरांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, त्यामुळे चलाख मुले ‘कारण’, ‘हरण’ साठवून ठेवतात. ‘ण’ला ‘न’ आणि ‘ळ’ला ‘ल’ चालेल, असे फळ्यावर लिहून टाकावे.

तोंडी खेळात आणखी एक अडचण म्हणजे उत्तर ओरडणारे तेच ते दोघे-तिघे. सगळ्यांनी पाटीवर लिहायचे आणि खूण केल्यावर एकदम वर धरायचे, इतका बदल पुरे.

एकदा सोडवले की संपले

शिकवलेल्याच दिवशी कोडे दिले तर शब्द अजून कानात असतात, ती उजळणी नव्हे. चार-पाच दिवस जाऊ द्या. चुकलेले शब्द बाजूला काढून पुढच्या कोड्यात नव्या प्रश्नासह पुन्हा घाला. तीन जुने आणि सात नवे हे प्रमाण सोयीचे पडते.

गृहपाठाला कोडे देणे मला पटत नाही, ते ताई-दादा सोडवतात नाहीतर मोबाइल. द्यायचेच असेल तर उलटे द्या: चौकटी भरलेल्या, आणि प्रत्येक शब्दासाठीचा प्रश्न मुलांनी लिहून आणायचा. शब्दकोशातली व्याख्या चालणार नाही, घरात किंवा रस्त्यावर ऐकू येईल असे वाक्य हवे.